तिसऱ्या बादलीतली किल्ली

मित्रांनो, मालुबाईनं मागच्या दाराची किल्ली माझ्या वाळूत पुरली, तेव्हा तिला त्यातनं काय मिळणार होतं याचा अंदाज मी आधी घेतला. मजुरी वाढणार नव्हती. मुकादम खूश होणार नव्हता. भंगारवाल्यानं त्या किल्लीवर अर्धा कप चहासुद्धा पाजला नसता. सापडली असती, तर मात्र बारा वर्षांचं काम एका दुपारी गेलं असतं. मिळकतीची बाजू कोरी आणि नुकसानीची भरलेली. असं काम माणूस उगाच करत नाही, एवढं मला इतक्या वर्षांत कळलेलं आहे. म्हणून मी तिच्यावर संशय घेतला.

मी एक जुनी लाल बादली आहे. निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीत, मागच्या खोलीच्या भिंतीवर आम्ही चौघी टांगलेल्या आहोत, त्यातली मी तिसरी. पोटात वाळू, अंगावर पांढऱ्या रंगात चार इंग्रजी अक्षरं. आग लागली तर मला उचलायचं आणि वाळू तिच्यावर फेकायची, एवढंच माझं काम.

माझा जन्म बेळगावच्या उद्यमबागेत, एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. शेजारच्या बादल्या सपाट बुडाच्या, फरशीवर ऐटीत बसलेल्या. माझं बूड गोल. ठेवलं की लवंडायचं. मला वाटलं, मिस्त्रीचा हात चुकला. मग एका गिऱ्हाइकाला तो सांगताना ऐकलं, "बूड सपाट केलं की आठ दिवसांत कोणतरी आंघोळीला घरला नेतंय. गोल केलं की कुणाच्याच कामाची न्हाय." म्हणजे माणसं उचलेगिरी करणार, हे धरूनच मला घडवलं होतं. जिचं बूडच संशयानं ठोकलेलं, तिनं कुणावर चटकन विश्वास ठेवावा असं तुम्हाला वाटतं का?

पहिल्या वर्षी माझं कौतुक फार झालं. तपासणीला आलेल्यांनी माझ्याबरोबर फोटो काढले. खंडेनवमीला मला झेंडूची माळ मिळाली. दुसऱ्या वर्षी माळ वजनकाट्याला गेली. तिसऱ्या वर्षापासून माझ्या वाळूत पानाच्या पिंका, चहाचे कागदी कप आणि विझलेली बिडीची थोटकं पडू लागली. तंबाखूच्या वखारीत, आगीच्या बादलीत, बिडीची थोटकं. मी काय बोलणार? मला बोलायला तोंड आहे, पण ते वरच्या बाजूला उघडं आहे आणि लोक त्यात थुंकतात.

वखारीचे मालक अभिनंदनअण्णा. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या आजारपणाला मदत करायचा, आणि केलेली मदत चारचौघांत आठवायचाही. खरा कारभार मुकादम रायाप्पाच्या हातात. मागच्या खोलीत चाळणीचं मशिन, तिथं चौदा बायका काम करायच्या. पुढं एक दार, मागं बोळात उघडणारं एक दार. मागच्या दाराला कायम कुलूप, कारण बोळातनं तंबाखू जाईल अशी भीती. पुढच्या दाराशी रोज संध्याकाळी झडती. पदर झटकून दाखवायचा, डबा उघडून दाखवायचा. कॅमेरा होता, तोही पुढच्या दारावर. माल तिकडनं जातो ना, मग बघायचंही तिकडंच.

एके दिवशी अग्निशामक दलाच्या अधिकारी माधवीमॅडम आल्या. त्यांनी बायकांना गोळा करून साध्या शब्दांत सांगितलं. आधी माणसं बाहेर, मग माल. बाहेर जायची वाट कुणाच्याही हाताला लागली पाहिजे. कोण काय करणार हे सगळ्यांना ठाऊक पाहिजे, कारण आग लागल्यावर शिकायला सवड नसते. अण्णा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते, पण नजर पोत्यांच्या थप्पीवर होती.

मग तालीम झाली. घंटा वाजली. चौदा बायका पुढच्या दारानं बाहेर पडल्या. पुढच्या आणि मागच्या खोलीमधलं दार उघडं असलं की माझ्या जागेवरून सगळं दिसतं. मॅडमच्या घड्याळात सहा मिनिटं झाली. त्यातली साडेचार झडतीत गेली होती. रायाप्पा दारात उभा राहून एकेकीचा पदर बघत होता.

"मुकादम, आगीतसुद्धा झडती घेणार काय?" मॅडमनी विचारलं.

"आग खोटी हाय मॅडम," रायाप्पा म्हणाला, "तंबाखू खरा हाय."

बायकाही काही कमी नव्हत्या. पद्मावती, सगळ्यांत थोरली, मालुबाईच्या कानाशी लागली. "ही तालीम न्हवं गं. किती जणींवाचून काम चालतंय ते बघत्यात. पुढच्या म्हैन्यात दोघींना घरी बसिवतील, बघ."

मॅडमनी लिहून दिलं की मागच्या दाराची किल्ली दाराशेजारीच टांगायची. तिसऱ्या दिवशी किल्ली टांगली. भिंतीवर लाकडी पेटी आली, तिला काच आली, काचेला चौकट, आणि चौकटीला छोटं कुलूप. त्या छोट्या कुलपाची किल्ली रायाप्पाच्या करदोड्याला. वर कन्नड आणि इंग्रजीत पाटी लागली. निम्म्या बायकांना मराठी तेवढं वाचता यायचं, उरलेल्यांना तेही नाही. पाटीवरचा बाण मात्र सगळ्यांना कळला. तो कुलूपबंद दाराकडं होता.

मालुबाई रोज त्या बाणाकडं बघायची. तंबाखूच्या बारीक उडत्या खकाण्यानं तिचा घसा बसलेला, चार पावलं भराभर टाकली की छातीत घरघर व्हायची. तालमीत ती शेवटून पहिली आली होती. सहा मिनिटं म्हणजे काय, हे त्या खोलीत तिच्याइतकं कुणालाच कळलं नव्हतं.

एका मंगळवारी विमा कंपनीची माणसं आली. रायाप्पानं पेटी उघडून त्यांना किल्ली दाखवली, आणि फोन आला म्हणून पेटी तशीच उघडी टाकून बाहेर गेला. मालुबाई उठली. दोन पावलं पेटीकडं, तीन पावलं माझ्याकडं. माझ्या वाळूत तिचा हात कोपरापर्यंत गेला आणि किल्ली बुडाला टेकली. वर तिनं दोन थोटकं पुन्हा जशीच्या तशी मांडली. हुशार बाई. जिथं सगळे थुंकतात तिथं कुणी हात घालत नाही, हे तिनं हेरलं होतं.

मी म्हटलं, आता हिचा डाव कळेल. आपल्या हाताला लागेल अशा जागी किल्ली ठेवली, म्हणजे पळायची वेळ आली की ही पहिली बाहेर. बाकीच्या तेरा जणींना सांगेल का? मी आठ दिवस कान देऊन ऐकलं. तिनं कुणालाच सांगितलं नाही.

पण त्या मंगळवारी संध्याकाळीच रायाप्पाला पेटी रिकामी दिसली होती. त्या वेळी पेटीपाशी नीलम केर काढत होती. तीन महिन्यांपूर्वी कामाला लागलेली, बाकीच्यांपेक्षा वयानं लहान.

"किल्ली कुठाय गं?" त्यानं आवाज दाबून विचारलं.

"मला काय ठाऊक? मी घिऊन काय करू, मुकादम? दार तुमचं, कुलूप तुमचं."

"तूच हाईस हितं."

"मग मशिनवर मालूआक्का बी हाय. तिला इचारा की."

मालुबाई मशिनवर होती, आणि मशिन बंद होतं. तिनं सगळं ऐकलं. तिनं चाळणीवरचा हात थांबवला नाही, इतकंच. चाळणीवर तंबाखू नव्हता.

आता रायाप्पाचाही अंदाज घ्या. पेटी उघडी ठेवली ही त्याची चूक. अण्णांना कळलं असतं तर कुलूप बदललं असतं आणि मुकादमही. म्हणून त्यानं किल्ली हरवल्याचं सांगितलंच नाही. घरी पडलेल्या कुठल्याशा जुन्या कुलपाची किल्ली आणून पेटीत टांगली, काच पुसली. आणि नीलम बाहेर बोलेल, म्हणून दुसऱ्या दिवशी अण्णांना सांगितलं की तिच्या पदरात मूठभर तंबाखू सापडला. नीलमला दारातनंच परत पाठवलं.

दुपारी डबा खाताना पद्मावती म्हणाली, "पोरगी तशी वाटत नव्हती गं."

मालुबाईनं भाकरीचा तुकडा मोडला. "कुणाच्या पोटात काय, कुणाला ठाऊक," ती म्हणाली.

हे वाक्य मी तिला आजतागायत माफ केलेलं नाही. पेटीतली किल्ली खोटी आहे हे त्या खोलीत तिलाच ठाऊक होतं, आणि नीलम खरी आहे हेही. बोलली असती तर किल्ली पुन्हा काचेआड गेली असती. न बोलण्याचं एवढंच कारण होतं की कामाची भीतीही होती, हे मी सांगू शकत नाही. बहुतेक दोन्ही होतं.

किल्ली पुरल्यापासून अठराव्या दिवशी, दुपारी साडेबाराला, मशिनच्या मोटारीतनं ठिणगी उडाली. खकाणा हवेत होताच. भपकन जाळ झाला तो मशिनच्या आणि मधल्या दाराच्या मध्ये, आणि मग धूर. बारा बायका मागं अडकल्या. तेरावी, मालुबाई, पुढं वजनकाट्याशी आपली पोती घालत होती.

मागच्या बायकांना तालीम आठवली, हे मात्र खरं. कुणी आरडाओरडा केला नाही. बाणाकडं गेल्या. पद्मावतीनं डब्याच्या झाकणानं काच फोडली, किल्ली काढली, कुलपात घातली. किल्ली आत गेली, पण फिरेना.

"उलटी फिरव गं."

"फिरिवली."

"दे हिकडं."

तीन हातांतनं किल्ली फिरली. पुढं रायाप्पा नुसता उभा होता. ती किल्ली कधीच लागणार नाही हे सांगायला तोंड उघडलं असतं, तर बाकीचंही बाहेर आलं असतं. मालुबाई मात्र ओरडली. बसलेल्या घशातनं आवाज मधल्या दारापर्यंतही गेला नाही. तेव्हा ती बाई, जिला चार पावलांत दम लागतो, पदर तोंडावर धरून धुरात शिरली. जाळाच्या अलीकडं येऊन थांबली.

"पद्मावती, तिसरी बादली. वाळूत हाय. लाल बादली, तिसरी."

मित्रांनो, हे वाक्य म्हणजे तिचा कबुलीजबाब होता. मधल्या दाराशी धावत आलेले अण्णा, रायाप्पा, काट्यावरचा कारकून, सगळ्यांनी ऐकला. पद्मावतीनं मला खिळ्यावरून ओढलं आणि उपडं केलं. थोटकं पडली, कप पडले, वाळू पडली, आणि किल्ली पडली. दार उघडलं. मी फरशीवर लवंडत राहिले आणि माझ्या शेजारून बारा जोड्या पाय बोळात गेले. माझ्या तिघी बहिणींची वाळू त्यांनी जाता जाता जाळावर फेकली.

मालुबाईला पुढच्या दारानं ओढून बाहेर काढलं. बंब आला, आग विझली. मला अंगणात आणून टाकलं होतं. तिथंच चौकशी झाली.

"किल्ली वाळूत कशी?" अण्णांनी विचारलं.

"मी ठिवली," मालुबाई खोकत म्हणाली.

"मग पेटीतली कशाची?"

सगळ्यांनी रायाप्पाकडं बघितलं. त्यानं आपल्या चपलांकडं बघितलं.

माधवीमॅडम मालुबाईशेजारी उकिडव्या बसल्या. "आक्का, तुम्ही आज रजेवर असता तर?"

मालुबाईनं पदरानं तोंडावरची काजळी पुसली.

"बारा जणींत एकीला तरी सांगायचं होतं."

"कुणाला सांगू, मॅडम? हितं कुणाचा कान कुणाला लागलाय, कसं कळायचं?"

मॅडमनी वही उघडली आणि तशीच मिटली. मला वाटतं, त्यांच्या वहीत त्यासाठी रकाना नसावा.

तिसऱ्या दिवशी अण्णांनी नीलमला निरोप पाठवून बोलावलं. ती आली, पण आत गेली नाही. अंगणात, माझ्यापाशी, मालुबाईसमोर उभी राहिली.

"तू मशिनवर हुतीस, आक्का."

"व्हय."

"सगळं ऐकलंस."

"व्हय. माझी जागा तू घे, नीलम. मी घरी बसते."

"मला तुझी जागा नको." नीलम पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "मला सांगितलं असतंस तर मी तोंड उघडलं नसतं. काम जायचं ते गेलंच असतं. पर कशापायी गेलं, ते तरी मला ठाऊक असतं."

 मालुबाई उठली, नीलमचा हात धरून पुढच्या दारापर्यंत गेली आणि सगळ्या बायकांसमोर, तुटक्या आवाजात, पहिल्यापासून सगळं सांगितलं. अण्णांनीही तंबाखूचा आळ सगळ्यांसमोर मागं घेतला.

पुढच्या तालमीला दीड मिनिट लागलं. किल्ली आता उघड्या खिळ्यावर असते, काच नाही, पेटी नाही. ती कुठं आहे हे काल कामाला आलेल्या बाईलाही आधी सांगतात. माझी वाळू नवी आहे. मित्रांनो, तुमच्या शाळेत, दवाखान्यात, कारखान्यात माझी एखादी बहीण टांगलेली असेल, तर तिच्यात थुंकू नका, तिची वाळू कोरडी ठेवा. आणि शेजारचं दार एकदा आपल्या हातानं उघडून बघा. पाटीवर विसंबू नका.

राहिलं एवढंच, की याची किंमत कुणी भरली. जळलेली पोती विम्यातनं भरून निघाली, अण्णांचं पदरचं काही गेलं नाही. रायाप्पाला चिकोडीच्या वखारीत धाडलं, तिथंही तो मुकादमच आहे. मालुबाईचं काम राहिलं, पण त्या धुरानं उरलासुरला आवाज हळूहळू नेला. आता ती खुणेनं बोलते. आणि नीलम. त्या दिवशी ती आगीच्या जवळपासही नव्हती, तिचा एक केस जळला नाही. ती परत कामाला येते, चाळणीवर बसते. पण अठरा दिवस ती चोर म्हणून घरी बसली होती, तेव्हा तिच्या सासूनं कपाटाला कुलूप लावलं. वखारीतनं खरं काय ते घरी कळवून चार महिने झाले. कुलूप अजून निघालेलं नाही.