बाई, एक विचारू?

"आयली, तू सकाळपासून काहीच बोललेली नाहीस," स्टॅन झुपान्चिच म्हणाला आणि ताटलीत उरलेल्या लिंबाच्या शेवटच्या वडीचे त्याने सुरीने दोन भाग केले. एक उचलला, दुसरा ठेवला. त्याच्या आधीही प्रत्येकाने हेच केले होते. शेवटचा तुकडा आपण उचलायचा नाही, ही या मिनेसोटातल्या गावाची रीतच होती. वडी आता नखाएवढी उरली होती.

"मी ऐकतेय," आयली म्हणाली.

आयली रॉटिओ पहिलीच्या वर्गाला शिकवत असे. शिक्षक संघटनेच्या वतीने वाटाघाटींना ती यंदा प्रथमच आली होती, आणि तीही दुसऱ्या कुणी नाव दिले नाही म्हणून. संगीताच्या खोलीत, खोळी घातलेल्या ढोलांच्या मधोमध, संघटनेची पाच माणसे खुर्च्या ओढून बसली होती. पलीकडे ग्रंथालयात शिक्षण मंडळाची माणसे होती. बाहेर फेब्रुवारीचा बर्फ शाळेच्या खिडक्यांपर्यंत चढला होता आणि त्यावर दुपार निळसर होत चालली होती.

पेच एका ओळीचा होता. पहिलीच्या वर्गात बावीसहून अधिक मुले बसवू नयेत, असे जुन्या करारात लिहिले होते. मंडळाला ती ओळ नको होती. त्या बदल्यात ते चांगली पगारवाढ द्यायला तयार होते. ओळ गेली की पहिलीच्या तीन वर्गांचे दोन होणार, गेल्या वर्षी लागलेल्या टेसा लुंडची नोकरी जाणार, आणि आयलीच्या खोलीत तिसावर मुले येणार. रोज प्रत्येक मूल आयलीशेजारी बसून तिला एक पान मोठ्याने वाचून दाखवत असे. एकही मूल वगळायचे नाही, एकही दिवस चुकवायचा नाही. तिच्या आयुष्यात सांगण्यासारखे काही असेल, तर ते एवढेच.

"आकडा धोरणात ठेवू म्हणतात," स्टॅन म्हणाला. "करारात नको."

"धोरण ते एका बैठकीत बदलतात, स्टॅन."

"मला काय ते ठाऊक नाही? पण आपल्या संघटनेतल्या मार्कच्या घरी जुळं झालंय, त्याला पगारवाढ हवीय. त्याला काय सांगू? पहिलीच्या पोरांचं वाचन व्हायचंय, तू जरा थांब?"

समोरच्याचे म्हणणेही खरे असते, हे आयलीला नेहमीच जरा लवकर दिसत असे, आणि मग शब्द ओठांशी येऊन परत फिरत.

"मार्कला थांब म्हणायचं मला जमणार नाही," ती अखेर म्हणाली. "आणि ती ओळ खोडायचंही नाही."

"मग तुला जमेल काय?"

"आत जाऊन गप्प बसणं."

सगळे हसले. तीही हसली.

ग्रंथालयात लांब टेबलाच्या दोन बाजूंना दोन्ही पक्ष बसले. नियम असा की प्रत्येक बाजूने एकानेच बोलायचे: इकडून स्टॅन, तिकडून शाळांच्या अधीक्षक हॅन्लीबाई. त्यांच्या शेजारी डेल प्रेबिच बसला होता. घरोघरी गॅसच्या टाक्या भरणारा हा आडमाप माणूस, गावाचा कर वाढू देणार नाही असे सांगून मंडळावर निवडून आला होता. निम्म्या गावाप्रमाणे तोही कधीकाळी आयलीच्या वर्गात होता.

"आमचा प्रस्ताव तोच आहे," हॅन्लीबाई म्हणाल्या. "आज उत्तर मिळालं तर बरं."

स्टॅनने दीर्घ श्वास घेतला. त्या श्वासातच आयलीला कळले, तो हो म्हणणार.

तेवढ्यात डेलने हात वर केला. सरळ, कानाला चिकटवून, दुसऱ्या हाताने कोपराला टेकू देऊन, बराच वेळ थांबावे लागेल अशा तयारीने. आणि आयलीच्या तोंडून नकळत निघून गेले, "हो डेल, बोल."

सगळ्यांच्या माना आयलीकडे वळल्या.

"मिस्टर प्रेबिच," हॅन्लीबाई कुजबुजल्या, "बोलायचं ते मी, असं ठरलंय आपलं."

"ठरलंय खरं," डेल म्हणाला. "पण बाईंनी बोल म्हटलंय ना."

टेबलाच्या दोन्ही बाजूंना हसू फुटले. ते ओसरल्यावर तो आयलीकडे वळला. "बाई, एक विचारू? तीस पोरं झाली, तर रोज सगळ्यांचं ऐकून होईल?"

आयलीने स्टॅनकडे पाहिले. "सांग आता," तो पुटपुटला.

गेले काही आठवडे तिने मनातल्या मनात कितीतरी भाषणे रचली होती. त्यांतले एकही वाक्य जवळ आले नाही. "नाही होणार," ती म्हणाली. "काही जणांचं उद्यावर जाईल."

"कुणाचं?"

"जी गप्प बसतात त्यांचं. ज्यांना वाचता येत नाही ती आपणहून जवळ येत नाहीत, डेल. त्यांना बोलवावं लागतं. गर्दीत बोलवायचं राहून जातं. मुद्दाम नाही. पण राहतं."

डेलचे कान लाल झाले. पहिलीत असताना एका हिवाळ्यात वाचनाची वेळ झाली की तो कोट टांगायच्या खुंट्यांपाशी जाऊन कोटांच्या मागे उभा राहत असे. त्या खोलीत हे दोघांनाच ठाऊक होते, आणि दोघांनीही ते उच्चारले नाही.

"पण बाई," तो म्हणाला, "सगळंच देऊन आलो, तर लोकांना तोंड कसं दाखवू मी?"

"सगळं नको देऊस. बावीसचे चोवीस कर. फक्त आकडा करारातच राहू दे."

स्टॅनने डोळे मिटून घेतले. हॅन्लीबाईंनी घाईघाईने काहीतरी टिपले आणि आपापसांत बोलण्यासाठी वेळ मागितला.

"अगं, वाटाघाटीत स्वतःच्या तोंडानं कुणी खाली उतरतं का?" मधल्या वाटेतच स्टॅन भडकला. "तेही आम्हाला कुणाला न विचारता! दहा वर्षं मी या टेबलावर बसतोय. माझ्या सासूनंसुद्धा असा घात नसता केला!"

"चुकलं माझं. तुम्हाला विचारायला हवं होतं." ती म्हणाली. "पण चोवीस जणांचं मी ऐकू शकते, स्टॅन. ते खरं होतं. खरं तेवढंच सुचलं."

संगीताच्या खोलीत परतल्यावर सगळे बसून वाट पाहू लागले. जन्मभर गप्प बसून जे सांभाळले, ते एकदाच बोलून आपण घालवले, असे आयलीला वाटत राहिले. खिडकीबाहेरचा उजेड विझत आला, तेव्हा बोलावणे आले.

हॅन्लीबाईंनी कागद वाचून दाखवला. पहिलीचा आकडा चोवीस, आणि तो करारातच. तिन्ही वर्ग राहतील. पगारवाढ आधी म्हटली होती तिच्याहून थोडी कमी, पण याच वर्षापासून. डेल टेबलाकडे पाहत होता. त्याने मान वर केली नाही.

स्टॅनने साथीदारांकडे एकेक करून पाहिले. माना हलत गेल्या. "मार्कच्या जुळ्यांच्या लंगोटांपुरतं तरी सुटेल," तो म्हणाला, आणि प्रत्येक पानावर दोन्हीकडच्या सह्यांची आद्याक्षरे उमटू लागली.

सोमवारी सकाळी टेसा वर्गात डोकावली, तेव्हा आयली तळघरातून आणलेल्या दोन लहान खुर्च्या घेऊन खोलीच्या मध्यभागी उभी होती. एक खुर्ची दाराला अडत होती, दुसरी खिडकीखालच्या, खोली तापवणाऱ्या नळाला.

"अहो आयली, नवं वर्ष सप्टेंबरला सुरू होणार, किती अवकाश आहे अजून!"

"चोवीस मावतात का बघतेय."

"नाही मावणार."

आयलीने खोलीभर नजर फिरवली आणि ती स्वतःच्या टेबलाजवळ आली. खण तिने आधीच रिकामे केले होते. "तू तिकडून धर," ती म्हणाली.

दोघींनी टेबल ढकलत वर्गाबाहेर नेऊन भिंतीला लावले. ते जिथे इतकी वर्षे होते, तिथली फरशी कुणाच्या पावलांनी न झिजलेली, अजून गडद हिरवी होती. आयलीने दोन्ही खुर्च्या त्या हिरव्या चौकोनात शेजारी शेजारी मांडल्या, त्यांची तोंडे खिडकीकडे वळवली, आणि पहिली बस आल्याचा आवाज ऐकून ती दार उघडायला गेली.