रविवारच्या फोनचा स्वेटर

मित्रांनो, मी एक जुना स्वेटर आहे. राखाडी, लोकरीचा, हाताने विणलेला. डांबरगोळ्यांच्या वासात, कपाटाच्या तळाशी माझे दिवस जातात. तुम्हाला वेळ असेल तर माझी हकीकत ऐका.

एका शाळेच्या कार्यालयात काम करणाऱ्या आईने मला मधल्या सुट्टीत विणले. तिची मुलगी पाच महिन्यांसाठी परदेशातल्या एका मोठ्या शहरात शिकायला चालली होती. तिकडची एक विद्यार्थिनी इकडे येणार आणि ही तिकडे जाणार, अशी दोन विद्यापीठांची व्यवस्था होती. माझा घेर पाहून बाबा म्हणाले, "अगं, पोरीला विणतेस की हत्तीला झूल?"

"वाढत्या अंगाचा असू दे."

"विशीत कसलं अंग वाढतंय?"

"तुमचं चाळिशीत वाढलं, ते?"

मी दोन मुलींना पुरलो असतो. तरी शेजारपाजारच्यांनी मला हातात घेऊन वाखाणले. ते माझे सर्वांत चांगले दिवस.

त्या शहरात मला कामच उरले नाही. पहिल्याच आठवड्यात मुलीने काळा कोट घेतला आणि मी खणात गेलो. वसतिगृहात तिची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. पलंग, टेबल, एक खिडकी आणि खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. सामाईक स्वयंपाकघरात प्रत्येकाच्या फळीवर नावाची चिठ्ठी होती. माणसे वाईट नव्हती. जिन्यात भेटली की हसत आणि पुढे जात. एखाद्या शनिवारी दुकानात "पिशवी नको" म्हटले, की तेवढेच तिचे दिवसभराचे बोलणे.

रविवारी दुपारी मात्र ती मला बाहेर काढायची. त्या वेळी आईचा व्हिडिओ कॉल यायचा आणि आईला मी अंगावर दिसायला हवा होतो. ती केस विंचरून, मला चढवून, हसरा चेहरा करून बसायची.

"जेवलीस का गं?"

"भरपूर! आई, ठेवते हं, मैत्रिणी खाली थांबल्यात."

"जा, जा. मजा कर."

खाली कुणी नसायचे. फोन ठेवल्यावर ती गुडघ्यांत तोंड खुपसायची. माझ्या आत तिची पाठ हलायची, आवाज न करता.

तिसऱ्या महिन्यात एका रविवारी आईच्या मागचा पडदा उलटा दिसला. घरचाच, फुलाफुलांचा, पण सगळी फुले माना खाली घातलेली.

"बाबा, पडदा उलटा लावलाय!"

"धुतला होता गं. घाईत लागला."

"यांना कधी काही सरळ जमलंय?" आई हसली, आणि धाप लागून मध्येच थांबली.

ज्या हातांनी मला विणले ते हात मी ओळखतो. ते वाळले होते. मुलीलाही ते दिसले. तिचे काळीज माझ्या टाक्यांवर धडधडत होते. ती विचारणारच होती. पण तिने विचारले असते, तर आईनेही विचारले असते, "तू का गं अशी दिसतेस?" मग तिला रडू आवरले नसते.

"मी मजेत आहे," ती म्हणाली.

"मीसुद्धा," आई म्हणाली.

शेवटचा पेपर झाला त्या दुपारी बाबांचा फोन आला. "झाला ना पेपर? आता निघ, बाळा." त्या पडद्याच्या आठवड्यापासून आई रुग्णालयात होती. पोरीची परीक्षा बुडू नये म्हणून तिनेच सगळ्यांना शपथ घातली होती. दर रविवारी बाबा घरचा पडदा पिशवीतून नेत आणि तिच्या खाटेमागे बांधत.

आम्ही पोचलो तेव्हा आईची वाचा जाऊन दोन दिवस झाले होते. डोळे मिटलेले होते. मुलगी खाटेशी बसली आणि बोलू लागली. "आई, खाली कुणी नव्हतं गं. कधीच नव्हतं. मी नुसता पाव खायचे. तुला काळजी नको म्हणून..." पाच महिन्यांचे सगळे तिने सांगितले. मध्येमध्ये थांबून ती आईच्या तोंडाकडे बघायची. दुसऱ्या दिवशी आई गेली.

मित्रांनो, लोकरीला वर्षातून एकदा ऊन दाखवले की पुरते. माणसांना तेवढ्याने भागत नाही. कुणी "मजेत आहे" म्हणाले, तर लगेच फोन ठेवू नका, आणखी एकदा विचारा. आणि तुम्हाला कुणी विचारले, तर खरे सांगून टाका. "अगं, मग आधी नाही का सांगायचं?" असे म्हणून समोरचे माणूस तुमच्यावर रागावू शकते आहे, तोवरच सांगा.