गर्भाशयाच्या दाराशी

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही आणि पाहायचं ठरवलंत तरी नुसत्या डोळ्यांना मी दिसणार नाही. मी एक म्हातारी होत आलेली पांढरी पेशी आहे. एका बाईच्या गर्भाशयाच्या दाराशी मी पहाऱ्याला असते. तुमच्यातले बहुतेक जण अशाच एखाद्या दारातून जगात आलेत, म्हणून तुम्हाला मित्र म्हणायचा मला हक्क आहे.

माझा जन्म हाडातल्या मगजातला. छातीत, काळजाच्या जरा वर, आमची शाळा असते. आपलं कोण आणि परकं कोण, एवढंच तिथे शिकवतात आणि तरी बहुतेकींना नापास करतात. मी कशीबशी पास झाले. पुढे बाईला कसलासा जंतुसंसर्ग झाला, तेव्हा मदतीला इथे आले आणि इथलीच होऊन राहिले. शेजार चांगला मिळाला. इथलं पाणी आंबट ठेवणारे भले जिवाणू आसपास राहतात, त्यांच्यापुढे वाईट जंतूंची डाळ शिजत नाही.

आमची बाई एका मोठ्या लॉन्ड्रीत चादरी धुते. नवरा ट्रक चालवतो. एकदा तो दवाखान्यातून आला आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. त्याच्या रक्तात एचआयव्ही निघाला होता.

"तू माहेरी जा," तो म्हणाला. "माझ्यापायी तुला काही झालं तर?"

"गप बसा. आत या आधी, जेवून घ्या."

तिची तपासणी चांगली आली, तिच्या रक्तात तो नव्हता. दवाखान्यातल्या सिस्टरांनी दोघांना रोजच्या गोळ्या दिल्या, त्याला आजारावरच्या आणि तिला बचावाच्या. निरोध वापरायलाही सांगितलं. पण बाईच्या मनाचं समाधान होईना. डाग म्हटला की घासून काढायचा, हाच तिचा धंदा. लॉन्ड्रीतलं जंतुनाशक तिने बाटलीत भरून आणलं आणि त्याच्या पाण्याने ती रोज स्वतःला आतून धुऊ लागली.

काय सांगू तुम्हाला! भले शेजारी वाहून गेले. नाजूक अस्तर सोलवटलं. आग होऊ लागली तशा आम्ही हाका मारल्या आणि रक्तातून माझ्या बहिणी झुंडीने धावत आल्या. मला तर हायसं वाटलं, पहारा वाढला ना! पण एचआयव्हीला पहारेकरणीच हव्या असतात. आमच्याच अंगावरची एक खूण धरून तो आमच्यात शिरतो आणि आमच्याच पोटात आपली पिलावळ वाढवतो. बिचारी बाई जीव वाचवायला धडपडत होती आणि त्याच्यापुढे ताट वाढलं जात होतं.

आणि तो आलाच. नवऱ्याच्या गोळ्यांचा पुरता गुण अजून यायचा होता आणि निरोध फाटला. एचआयव्ही नेमका माझ्यातच शिरला. माझी पाचावर धारण बसली. पण बाईने न चुकता घेतलेली गोळी माझ्यात आधीच पोचली होती. त्याला स्वतःची नक्कल काही उतरवता येईना. धडपड धडपड धडपडला आणि विरून गेला.

बाईला यातलं काही ठाऊक नव्हतं. दुखणं सोसवेना, तेव्हा ती सिस्टरांकडे गेली.

"लॉन्ड्रीतल्या औषधाने रोज धुते हो मी, आतून. काही कसर ठेवत नाही."

सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी तिचे भेगाळलेले हात हातात घेतले. "औषधाने हे हात बघ कसे झालेत. आत तर याहून नाजूक असतं गं. ती जागा आपली आपण स्वच्छ राहते. धुणं आजपासून बंद."

"म्हणजे मीच माझं वाटोळं करत होते?"

"घाबरली होतीस. गोळी चुकवली नाहीस ना? मग तपासू या."

तेव्हाची तपासणी चांगली आली, काही आठवड्यांनी केलेलीही चांगली आली. बाहेर बाकावर नवरा बसला होता. ती त्याच्याजवळ जाऊन बसली आणि मोठ्याने रडली. ते रडणं मला इथवर जाणवलं आणि मी फार सुखावले.

मित्रांनो, माझे दिवस आता भरत आलेत. एकच मागणं आहे. आमच्या जागेविषयी विचारायची बाईला लाज वाटली, म्हणून ती इतके दिवस एकटीच सोसत राहिली. मला तिला थांबवावंसं फार वाटत होतं, पण मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.