निरोप दुसऱ्याच खणात

"हाई जुनं बेनं काढी टाका भाऊ! चालस कमी, थांबस जास्त!"

यंत्र चालवणाऱ्या पंडितआप्पांनी पंख्याच्या पेटीवर थाप मारून हितेंद्रभाऊंना ऐकवलं. मित्रांनो, ते बेनं म्हणजे मी. शिरपूरजवळ कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये, त्या पेटीतल्या नखाएवढ्या चिपवर राहणारा, असेंब्ली भाषेत लिहिलेला प्रोग्रॅमचा एक जुना तुकडा. आम्हाला रूटीन म्हणतात. असेंब्ली म्हणजे चिपची घरगुती बोली, मधे दुभाष्या लागत नाही.

मला धुळ्याच्या सुलक्षणाताईंनी लिहिलं. कापसातून खडा आला आणि लोखंडावर आपटला की ठिणगी उडते. कापूस खेचणाऱ्या पंख्याच्या ओढीने ती नळीतून कापसाच्या गंजीपर्यंत पोचली, तर संपलंच! माझं काम एकच. ठिणगी चमकली रे चमकली की पंखा बंद! तेव्हा मला काय चेव येतो म्हणून सांगू! दसऱ्याला हेच पंडितआप्पा पेटीला झेंडूची माळ घालायचे.

पण मी आपणहून उठत नाही. सगळ्या जिनिंगचा कारभार बघणारा, मोठ्या भाषेतला प्रोग्रॅम मला हाक मारतो आणि चिपच्या ठरलेल्या खणात निरोप ठेवतो : किती उजेड झाला म्हणजे ठिणगी समजायची. काम झालं की, शेजारणीचं पातेलं घासूनपुसून द्यावं, तसे मी उसने घेतलेले खण होते तसे परत करतो.

यंदा मोठा प्रोग्रॅम नव्याने लिहिला तो हितेंद्रभाऊंनी, म्हणजे मालक अमृतनानांच्या जावयांनी. देखणा लिहिला, खोटं कशाला बोलू? फक्त नव्या पद्धतीत निरोप दुसऱ्याच खणात पडू लागला. मी माझा खण उघडतो, तर आत कचरा! मग उन्हाची तिरीपसुद्धा मला ठिणगी वाटे. पंखा बंद, चालू, पुन्हा बंद. दाराशी कापसाच्या गाड्या खोळंबल्या. हितेंद्रभाऊ म्हणाले, "हा तुकडा पुसतो. ठिणगी मोठा प्रोग्रॅमच बघेल."

नानांनी घाईघाईने ताईंना बोलावलं. ताईंनी नळी रिकामी करवली, तिच्या पुढच्या टोकाला कापसाचा एक बोळा ठेवला आणि मला बाजूला सारून लायटरची ठिणगी उडवली. मोठ्या प्रोग्रॅमने आधी कापसाचं वजन बघितलं, पडद्यावर आकडे मांडले, मग पंखा थांबवला.

"थांबला की!" हितेंद्रभाऊ म्हणाले.

"थांबला. बोळाही करपला," ताई म्हणाल्या.

मग त्यांनी दोन ओळींचा दुवा लिहिला. नव्या खणातला निरोप उचलायचा, माझ्या खणात ठेवायचा, आणि मला हाक. पुन्हा ठिणगी! निरोप मिळाला, मी झेपावलो, पंखा गप्प! बोळा पांढराशुभ्र!

टाळ्या पडल्या. पण आधी काय बिघडलं होतं?

"व्होल्टेज कमी व्हतं," पंडितआप्पा.

"धूळ बसली असेल," नाना.

ताईंना कारण ठाऊक होतं, पण मालकाच्या जावयाला कोण बोलणार?

"तुकडाच नासलाय," हितेंद्रभाऊ म्हणाले. "दुव्यावर किती दिवस ढकलायचं? पुसतोच." बोट बटणावर गेलं.

मित्रांनो, जुन्याला हाक मारायची तर मारा, पण त्याचा खण कोणता, एवढं विचारत जा हो!

तेवढ्यात, पडद्यावरच्या ताईंच्या दोन ओळी वाचून रूपाताईंनी, नानांच्या लेकीने, नवऱ्याचा हात धरला.

"व्होल्टेज नाही, नाना, अन् धूळही नाही. अहो, चूक तुमची आहे."