शंभरापैकी किती

उस्ताद वहीद यांनी चष्मा पुसला आणि तेच वाक्य तिसऱ्यांदा वाचलं. बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या संस्थेचं इंग्रजी पत्र होतं, जेमतेम पाच ओळींचं. समोर चटईवर हाझिमची आई बसली होती. तिची नजर पत्राकडे नव्हती, त्यांच्या ओठांकडे होती.

शेजारी तिचा दीर सबरी माळ ओढत होता.

"सांगून टाका, उस्ताद. सेहेचाळीस दिवस झाले बोट बुडून. इमामसाहेब थांबलेत माझ्यासाठी. शुक्रवारी हाझिमची जनाज्याची नमाज पढून घेऊ, देह नसला म्हणून काय झालं."

"स्वतःच्या लग्नाला नव्हती रे तुला एवढी घाई," ती म्हणाली.

रशीद गावातल्या अर्ध्या पोरांना उस्तादांनी इंग्रजी शिकवलं होतं. हाझिमलाही. त्याच इंग्रजीच्या भरवशावर तो समुद्रापलीकडे निघाला होता.

"एका बेटावर काही जण जिवंत पोचलेत," उस्ताद म्हणाले. "त्यांची नावं अजून नोंदवलेली नाहीत. लिहिलंय की तुमचा मुलगा त्यांच्यात... पॉसिबली असेल."

"पॉसिबली!" ती गुडघ्यांवर उठून बसली. "हा शब्द मला ठाऊक आहे. हाझिम घोकायचा, मी भाकरी थापताना. सर्टनली शंभर, प्रॉबब्ली सत्तर, पॉसिबली तीस. तुम्हीच शिकवलंत ना? शंभरापैकी तीस!"

सबरीची माळ थांबली.

उस्तादांनी पत्राची कड बोटानं सरळ केली, पुन्हा केली.

"वर्गात तीस, हाझिमच्या आई. कचेरीतल्या माणसांना नाही म्हणायचा धीर होत नाही ना, तेव्हा ती हाच शब्द लिहितात. अल्लाहला तोंड दाखवायचंय, खोटं कसं बोलू? पाच. फार तर पाच."

मशिदीच्या चौकात मौलिदचा, पैगंबरांच्या जन्मोत्सवाचा, मांडव उभा राहत होता, आणि गवई आवाज लावत नेहमीचीच कथा आळवत होता: लेकासाठी रडून रडून आंधळ्या झालेल्या, तरी वाट पाहणं न सोडणाऱ्या बापाची. दर वर्षी त्या ओळीला उस्तादांचा रुमाल भिजायचा. आज त्यांना मान वर करवेना.

"ऐकलंस ना, वहिनी?" सबरी हळू आवाजात म्हणाला. "पाच. आता कॉफी ठेव. लोक येतील."

सेहेचाळीस दिवस त्या घरात कॉफी झाली नव्हती. कडू केली तर मयताची होते, आणि गोड करायला हात धजत नव्हता. येईल त्याला ती पुदिन्याचा चहा द्यायची.

ती उठली. आत चूल पेटल्याचा आवाज आला. मग कॉफीचा वास.

लांब दांड्याचं भांडं घेऊन ती दारात येऊन उभी राहिली.

"उस्ताद, साखर किती घालू?"

मयताच्या घरी हे कुणी विचारत नाही. सबरीनं चमकून मान वळवली.

उस्तादांचा मधुमेह गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होता. बारा वर्षं ते कडूच पीत आले होते.

"गोड," ते म्हणाले. "चांगली गोड कर."

"अहो, तुम्हाला तर साखर—" सबरी म्हणाला.

उस्तादांनी पत्राची घडी घातली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवली.

"दोन चमचे," त्यांनी सांगितलं. "आणि सबरीलाही तेवढीच."