पांढऱ्या काठाची घोंगडी

मी घोंगडी बोलतेय. हो, टोचणारीच. नाकं मुरडणारे पुष्कळ पाहिलेत मी, पण जतच्या माळावर वारं सुटलं की तेच मला अंगाशी ओढून घेतात. आता मात्र मी सांगलीत, खटल्यातला मुद्देमाल ठेवतात त्या खोलीत गाठोड्यात पडलेय. आणि मला केरबाची लय आठवण येते.

केरबाच्याच मेंढरांची मी लोकर. सूत कातलं त्याच्या चुलतीनं, बनुबाईनं. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. घोंगडी विणणाऱ्या सणगराला सांगून तिनं मला पांढरा काठ घालून घेतला. "लांबनं दिसलास तरी वळकाय यावास रं," म्हणाली.

आमच्याकडं माणूस असाच ओळखतात. लांब मेंढरांमागं कोण चाललंय, ते तोंड बघून कोण सांगणार? घोंगडीवरनं सांगतात, आणि सहसा चुकत नाहीत.

त्या दिवशी ऊन होतं म्हणून केरबानं मला बाभळीला अडकवलं आणि चुकलेली मेंढी शोधायला तो एकटाच ओढ्याकडं गेला. मावळतीला बारीक पाऊस आला. कुणीतरी मला ओढून काढलं, खोळ करून डोक्यावर घेतलं. ते खांदे केरबाचे नव्हते. केरबाचा डावा खांदा उतरता आहे. मी तिथनं सारखी घसरते आणि तो सारखा मला वर ओढतो. हा गडी ताठ खांद्यांचा होता. तो नाथाजी नावाच्या शेतकऱ्याच्या वस्तीवर गेला. नाथाजीच्या घरातली तिघं मेली, आणि रक्तानं भिजलेली मी बांधावर पडले.

वस्तीवरनं जाणारा तो माणूस बनुबाईनं लांबून पाहिला होता. कोर्टात तिनं केरबाचं नाव सांगितलं. खोटं तिला बोलताच येत नाही. सख्खी चुलती पुतण्याविरुद्ध उगाच कशाला बोलेल, असं सगळेच म्हणाले. चराईवरनं नाथाजीशी भांडणही होतंच. केरबाला फाशी सुनावली.

अपिलात केरबाच्या बाजूनं श्रद्धा नावाच्या वकीलबाईंनी बनुबाईची साक्ष पुन्हा घ्यायला लावली. मला गाठोड्यातून काढलं. कोर्टाच्या अंगणापलीकडं एका पाठमोऱ्या माणसाच्या डोक्यावर माझी खोळ घातली.

"आजी, तो कोण?"

"आमचा केरबा की. कवा आणला त्याला?" बनुबाई उठून चालायलाच लागली.

माणूस वळला. कोर्टाचा शिपाई होता.

बनुबाई तिथंच खाली बसली. "मी घोंगडी बगितली व्हती, बाई," ती म्हणाली. "त्वांड न्हाई बगितलं. मला कुनी इचारलंच न्हाई."

सगळं लिहून घेतलं. मला परत बांधताना ती कारकुनापाशी आली. "सायेब, एवढी त्याला न्हेऊन द्या की. तितं थंडी लय आसंल."

"अपील संपेपर्यंत देता येत नाही, आजी."

"आन् संपल्यावर?"

कारकून खाली मान घालून सुतळी बांधत राहिला.

निकाल अजून यायचाय. केरबा सुटला तर मला त्याच्या हवाली करतील, नाहीतर जाळून टाकतील. न्यायाधीशसाहेबांपर्यंत कुणाचा हात पोचत असेल तर त्यांना माझं एवढंच सांगा. मला एकदा केरबाच्या डाव्या खांद्यावर टाकून बघा. मी घसरेन, आणि तो मला वर ओढून घेईल.