फोरमनला कुणी वाचवलं

“आवं मिस्त्री, माझी मोटर उगडी पडलीया आन् तुमी मोबाईलात डोकं घालून बसलाय,” नानासो म्हणाला.

नानासोचा ऊस पाण्याला आला होता, त्याचं काही चुकत नव्हतं. पण मोबाईलवर अनीश बोलत होता, आणि अनीश बोलत असला की मला दुसरं काही ऐकू येत नाही. अनीश हा माझा कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला रूममेट. घर सांगलीचं, पण आता पुण्यात असतो. नोकरी सांभाळून व्हिडिओ गेमवर मराठीत व्हिडिओ करतो आणि त्याला ऐंशी हजार लोक बघतात. मी कडेगावात पंप दुरुस्त करतो. मला नानासो बघतो.

त्या दिवशीचा व्हिडिओ ‘केल्वार’वर होता. केल्वार म्हणजे अंतराळातलं एक मोडकळीला आलेलं स्टेशन. गेममध्ये आपण तिथलाच एक माणूस व्हायचं, कुणाशी काय बोलायचं, कुणाला वाचवायचं ते आपण ठरवायचं. त्याचा तिसरा भाग नुकताच आला होता आणि अनीश त्याची आधीच्या दोन्ही भागांशी तुलना करत होता.

“तिसरा भाग दिसायला अप्रतिम आहे,” तो म्हणत होता, “पण पहिल्या भागात जे आपण शोधायचो, ते इथे बाण दाखवून देतो.”

हे वाक्य माझं होतं. गेमची जाहिरात बघून मीच त्याला फोनवर म्हणालो होतो. ते मी गिळलं. पण पुढं तो म्हणाला, “आणि पहिल्या भागात मी फोरमनला वाचवलं होतं. जगात फार थोड्या लोकांना ते जमलंय.”

मी. मी वाचवलं म्हणे! हातातला नट मी एवढा आवळला की त्याचे आटे गेले.

“गेला का?” नानासोनं विचारलं.

“गेला,” मी म्हणालो.

तेवढ्यात पडद्यावर फोरमन आला. स्टेशनवरचा म्हातारा मेकॅनिक, आम्हीच त्याला फोरमन म्हणायचो. तिसऱ्या भागात त्याची दाढी पांढरी झाली होती. तो थांबला, वळला, आणि खाली अक्षरं उमटली. त्यानं गेमच्या नायकाला नावानं हाक मारली होती. नाथाजी.

अनीश हसला. “या नावाचं विचारू नका. कॉलेजातली गंमत आहे.”

खाली लोकांनी हसून हसून डोळ्यांतून पाणी आलेली तोंडं टाकली होती. एकानं लिहिलं होतं, ‘नाथाजी अंतराळात, म्हशी कोण बघतंय?’

नाथाजी माझ्या वडिलांचं नाव.

मी जळतो, हे सांगून टाकतो. अनीशची नोकरी, पुण्याचा फ्लॅट, त्याचं शुद्ध बोलणं, या सगळ्यावर मी गेली सतरा वर्षं जळत आलोय आणि मला त्याची सवय झालीय. पण फोरमन माझा होता. एवढी एकच गोष्ट होती जी त्यानं केली नव्हती आणि मी केली होती.

कराडला शनिवार पेठेत आमची खोली होती. कॉम्प्युटर अनीशचा, त्यामुळं माऊस त्याच्या हातात. मी शेजारी डब्यावर बसून सांगायचो. गेम सुरू करताना नायकाचं नाव टाकायचं होतं. अनीश चहा आणायला खाली गेला होता, म्हणून मी टाकलं. स्वतःचं टाकायची लाज वाटली, वडिलांचं टाकलं.

पहिल्या भागात एक जागा अशी येते की स्टेशनला थंड ठेवणारी नळाची लाईन बंद पडते. फोरमन खालच्या खोलीत अडकतो, लाल दिवे लागतात, भोंगा वाजतो आणि गेम सांगतो, सगळे व्हॉल्व्ह बंद करा. सगळेजण बंद करतात. स्टेशन वाचतं, फोरमन मरतो. आम्हीही त्याला दोनदा मारला होता. तिसऱ्या वेळी मी म्हणालो, “अन्या, ह्या पंपानं हवा धरलीया. वरचा बारका व्हॉल्व्ह आदी खोल.”

“अरे, हा गेम आहे. तुझी विहीर नाही.”

“खोल म्हंतोय न्हवं.”

त्यानं खोलला. भोंगा दुप्पट वाजायला लागला, फुस्स करत काहीतरी बाहेर पडत राहिलं. अनीश ओरडत होता, “लाल्या, मरेल तो, बंद करू दे!” मी त्याचा हात माऊसवर दाबून धरला. वडील विहिरीवर असंच करायचे. हवा संपेपर्यंत पंपाला हात लावायचा नाही, मालक कितीही बोंबलू दे. तीन मिनिटं गेली. मग नळात पाणी चढावं तसं काहीतरी चढलं, खालचं दार उघडलं आणि फोरमन खोकत खोकत बाहेर आला.

“ही चूक फक्त पंपवाल्याचाच पोरगा करू शकतो,” अनीश म्हणाला होता. त्या रात्री त्यानं सगळ्या पेठेला सांगितलं, की आमच्या लाल्यानं केलं. हे खरं आहे. तेव्हा तो असा नव्हता.

तिसऱ्या वर्षाला वडील गेले. विहिरीवरच छातीत कळ आली. मी कॉलेज सोडून दुकानात बसलो. अनीशनं कॉम्प्युटर नेला आणि त्यात साठवलेला आमचा खेळही. दुसरा भाग आला तेव्हा जुना खेळ त्यात जोडता येत होता, म्हणजे पहिल्यात वाचवलेला माणूस दुसऱ्यातही जिवंत. तो भाग मी फोनवर खेळलो. अनीश पुण्यातून सांगायचा, पुढं काय आलंय, आणि मी कुणाच्यातरी बांधावर उभा राहून सांगायचो, काय कर. दुसऱ्यात मारामाऱ्या जास्त होत्या, बोलणं कमी. पण फोरमन होता. तिसरा भाग यायला मधे एवढी वर्षं गेली की आमचे फोनही दिवाळीवर आले.

व्हिडिओ आला त्या आठवड्यात मी विट्याहून जुना कॉम्प्युटर आणला आणि तिसरा भाग घेतला. खरं सांगायचं तर गेम चांगला आहे. पण मला तो बोअरमधल्या मोटरसारखा वाटला. खाली सोडायची आणि विसरायची. पहिला भाग विहिरीवरच्या पंपासारखा होता, त्याला कान लावावा लागायचा. शिवाय माझ्याकडं जुना खेळ नव्हता, म्हणून गेमनं असं धरलं की फोरमन पहिल्या भागातच मेला. माझ्या स्टेशनवर भिंतीत नुसती त्याची पाटी होती. अनीशच्या स्टेशनवर तो चालत होता, बोलत होता, माझ्या बापाचं नाव घेत होता.

“लयच जळाय लागलंय जनू,” रेश्मा म्हणाली. रेश्मा माझी बायको. मी एकच व्हिडिओ आठव्यांदा बघत होतो. “एवडं हाय तर जावा की सांगलीला. आलाय न्हवं त्यो आईकडं? तोंडावर बोला.”

माझी आई शेंगा फोडत बसली होती. तिनं विचारलं, काय झालं. मी सांगून बसलो, की एका खेळात वडिलांचं नाव आहे, एक म्हातारा त्यांना हाक मारतो.

शेंगा फोडायचं थांबवून ती म्हणाली, “त्येंचं नाव? कंप्युटरात? मला दाव की रं एकदा.”

“आनतो,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तांब्याची तार आणायचं निमित्त करून निघालो. पलूस मागं पडेपर्यंत माझं बोलणं पाठ झालं होतं. अन्या, पुढच्या व्हिडिओत सांगायचं. लालासाहेब, कडेगाव, पंप मिस्त्री, यानं वाचवलं. एवढंच. बाकी तुझं तुला लखलाभ.

विश्रामबागेतल्या घरात अनीशनं मला मिठीच मारली. माझ्या शर्टाला ग्रीस होतं, तेही त्यानं बघितलं नाही. त्याच्या खोलीत दोन दिवे, माईक आणि अशी एक खुर्ची होती की तीत बसलेला माणूस आपोआप शहाणा दिसावा. मला त्यानं त्याच खुर्चीत बसवलं आणि स्वतः पलंगावर बसला.

“काकांचा चेहरा अजून आठवतो बघ,” तो म्हणाला. “कराडला आले होते, शेंगदाण्याची चटणी घेऊन. घरमालकाचा पंप उघडून बसले. जेवलेसुद्धा नाहीत, आधी पाणी चढवलं.”

हे मी विसरलो होतो. माझ्या बापाची एक आठवण त्याच्याकडं होती आणि माझ्याकडं नव्हती, याचंही मला वाईट वाटलं. तरी मी रेटलं.

“फोरमनला मी वाचवला व्हता, अन्या.”

“हो की! मी कुठं नाही म्हणतोय?”

“व्हिडिओत मी मी केलंस.”

“अरे, मी म्हणजे आपणच रे. बारा मिनिटांत एवढं कोण समजावत बसणार?” तो खरंच गोंधळला होता. मग आवाज खाली आणून म्हणाला, “एक सांगू? काकांच्या नावाला लोक हसले, ते मला फार लागलं. तुझे वडील आहेत असं सांगितलं असतं, तर अजून हसले असते. ते मी आता नीट केलंय. तू काळजी करू नकोस.”

भांडायला आलेल्या माणसाशी समोरचा चांगला वागला की त्याच्यासारखा अपमान नाही. पाठ केलेलं सगळं सोडून मी फक्त जुना खेळ मागितला. त्यानं तिसऱ्या भागापर्यंतचा सगळा खेळ लगेच पेनड्राइव्हवर घालून दिला. काकूंनी पोहे दिले. खालपर्यंत सोडायला आला.

रविवारी दुपारी आई चष्मा पुसून कॉम्प्युटरसमोर बसली. डोक्यावरचा पदर तिनं सारखा केला, घरात पाव्हणा यावा तसा. मी अनीशचा खेळ जोडला. पाटीची भिंत गेली, दार सरकलं आणि फोरमन आला. फडक्याला हात पुसत तो आमच्याकडं वळला. गेममध्ये आपण टाकलेलं नाव कुणी उच्चारत नाही, नुसती अक्षरं येतात, तीही इंग्रजीत. अक्षरं आली.

‘अनीश, तू आलास. मी जिवंत आहे तो तुझ्यामुळे.’

मी पुन्हा वाचलं. तिसऱ्या भागात नाव बदलता येतं, हे माझ्या लक्षातच नव्हतं. नीट केलंय म्हणजे हे केलं होतं. उठून सांगलीला जावं आणि ती खुर्ची खिडकीतून खाली टाकावी असं वाटलं.

“काय म्हंतोय त्यो?” आईनं विचारलं.

मी पडद्याकडं बघत म्हणालो, “नाथाजी, आलास व्हय, म्हंतोय. तुज्यामुळं जगलो म्हंतोय.”

आईनं पडद्याजवळ वाकून त्या म्हाताऱ्याला निरखलं. “हातानं काम केल्यालं मानूस दिसतंय,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, “आन् तुजं नाव रं? तुजं कुटं हाय ह्येच्यात?”

“हाय की. म्होरं येतंय,” मी म्हणालो, आणि पुढच्या वाक्यासाठी बटण दाबलं.

आईनं खुर्ची पुढं ओढली आणि ती वाट बघत बसली.